माडीवरचा उन्हाळा

माणसाने घरावर दुसरा मजला पहिल्यांदा कधी चढवला हे इतिहासाला ठाऊक नाही. पण तो हिवाळ्यात चढवला असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मोहेंजोदडोच्या घरांत विटांचे जिने सापडले आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही लोक माडीवर जात होते. पुराणवस्तूवाल्यांनी त्या जिन्यांची मापे घेतली, विटा मोजल्या. पण ऐन उन्हाळ्यात काखोटीला उशी मारून त्याच जिन्यावरून चरफडत खाली उतरणाऱ्या गृहस्थाची नोंद कुठेच नाही. इतिहास नेहमी चढणाऱ्यांचाच लिहिला जातो.

मराठी माणसाला माडीचे अप्रूप फार. ‘त्यांनी माडी बांधली’ असे म्हटले की त्या घराचे बरे चालले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. लग्नाच्या बोलणीत ‘दुमजली घर आहे’ हे वाक्य मुलाच्या शिक्षणाच्या आधी येते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचे मे महिन्यात काय होते, हा प्रश्न मुलीकडच्या एकाही मामाने आजवर विचारलेला मी ऐकला नाही.

मी नागपूरचा. आमच्या गावात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ पर्यंत गेला होता, आणि आम्ही लोक तो आकडा पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो, जणू तो आम्हीच मेहनतीने वर चढवला. वडिलांनी १९६८ साली तळमजला बांधला आणि १९८१ साली वर मजला चढवला. खाली दादा आणि वहिनी, वर मी, माझी बायको आणि आत्या. थोरल्याला तळमजला आणि धाकट्याला माडी ही वाटणी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, पण महाराष्ट्रात ती सर्रास पाळली जाते. वाटणीच्या वेळी मंडळी जानेवारीत बसली होती. वरचा मजला हवेशीर आहे, उजेड चांगला आहे, असे सगळ्यांनी मला पटवून दिले. जानेवारीत ते खरेही होते.

मे महिन्यात रात्री दहा वाजता खाली ३६ अंश असतात आणि वर ४१. मध्ये सतरा पायऱ्या. म्हणजे तीन-साडेतीन पायऱ्यांना एक अंश. हिमालयात माणूस वर चढला की थंडी वाढते म्हणतात. आमच्या घरात उलटे गणित.

आता यावर शिकलेली माणसे लगेच सांगतात, ‘अहो, गरम हवा हलकी, ती वर जाते.’ शाळेच्या पुस्तकातले हे एक वाक्य लोकांना जन्मभर पुरते. हवा वर जाते हे खरे, आणि आमचा जिना त्या हवेला धुराड्यासारखा उपयोगी पडतो हेही खरे. पण पाच अंशांचा हिशेब एवढ्याने जुळत नाही. तो मला आमच्या मिस्त्रीने जुळवून दिला. तो गच्चीवर उकिडवा बसला, स्लॅबला तळहात लावला, झटक्यात काढून घेतला आणि म्हणाला, “भाऊ, हवेचं काय घेऊन बसले? हा तवा तापून राहिला ना दिवसभर. तुम्ही तव्याखाली झोपून राहिले.”

यापेक्षा सोप्या भाषेत ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. नागपूर एकवीस अंश अक्षांशावर. मेच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, इतका बरोबर की उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अशा वेळी भिंतींना ऊन तिरपे, चाटून गेल्यासारखे लागते. सगळा मारा छपरावर. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब ते ऊन सावकाश पोटात घेतो आणि आपण जेवून आडवे झालो की सावकाश खोलीत ओकतो. म्हणून दुपारी एकवेळ सोसवते, पण रात्री दहा वाजता जीव नकोसा होतो. तळमजल्याच्या डोक्यावर मात्र ऊन नसते, मी असतो. आणि त्याच्या पायाखाली जमीन. जमीन काही हात खोल गेली की तिला ना वैशाख कळतो ना पौष. वर्षभराची सरासरी धरून ती स्वस्थ बसलेली असते. दादाचा स्वभाव तिच्यावरच गेला आहे.

जुन्या लोकांना हे सगळे ठाऊक होते. त्यांनी वरचा मजला थंड करण्याच्या भानगडीत न पडता सरळ खाली उतरण्याची सोय केली. आग्र्याच्या आणि लाहोरच्या किल्ल्यांत जमिनीखाली तहखाने आहेत. बादशहा आणि जनाना उन्हाळ्याच्या दुपारी तिथे असे. दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहजहानने महालांच्या मधून पाण्याचा पाटच नेला आणि त्याला ‘नहर-ए-बहिश्त’, म्हणजे स्वर्गातला कालवा, असे नाव दिले. त्याच्या आजोबाची, अकबराची, तऱ्हा आणखी बारकाईची. वाळ्याच्या मुळ्यांच्या भिंती उभारून त्यांवर पाणी मारायचे आणि आत बसायचे, ही युक्ती बादशहाची स्वतःचीच, असे अबुल फझल आईन-इ-अकबरीत लिहून ठेवतो. नोकरीत असलेल्या माणसाने साहेबाच्या नावावर शोध लावण्याची पद्धत तेव्हाही होतीच. पण वाळ्याचा ओला पडदा, त्यातून येणारा वारा आणि तो वास! आमच्या नागपुरात आजही मार्च लागला की रस्तोरस्ती पत्र्याचे कूलर ठोकायला बसतात आणि त्यांच्या तीन बाजूंना गवत, नाहीतर वाळा भरतात. अकबर आज नागपुरात आला तर त्याला दुसरे काही ओळखीचे वाटणार नाही. कूलर मात्र वाटेल.

इराणात यझ्द गावी दौलताबादच्या बागेत वारा पकडणारा मनोरा आहे, तेहतीस मीटर उंच. वरचा वारा धरून तो खालच्या खोलीत हौदावर सोडायचा. सिंधमधल्या हैदराबादेत एके काळी घरोघर छपरावर असे ‘मंघ’ असत, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, नैर्ऋत्येला. जुन्या छायाचित्रांत ते सारे छपरावरचे लोक एखादी मिरवणूक पाहायला वळून उभे राहिल्यासारखे दिसतात. यातही गंमत पाहा: वारा वर पकडायचा आणि पाठवायचा कुठे, तर खाली. तळमजल्याचे नशीब सगळीकडे सारखेच.

पुण्याच्या शनिवारवाड्याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. (पुन्हा जानेवारी!) दगडी इमारत फक्त छत्रपतींनी बांधावी, असा साताऱ्याहून निरोप आला म्हणून वरचे काम विटालाकडाचे झाले, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली तेव्हा माड्या गेल्या आणि खालचा दगड राहिला. वरच्या मजल्याला उष्णतेचा त्रास होतो याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा कुठल्या बखरीत मिळणार?

पण वाड्यात राहणारी माणसे शहाणी होती. मधला चौक, भोवती ओसरी, हात-दीड हात जाडीच्या भिंती. आणि मुख्य म्हणजे माणसे एका जागी बसत नसत. सकाळी ओटीवर, दुपारी माजघरात, जिथे उजेडही नाही आणि ऊनही नाही, संध्याकाळी अंगणात आणि रात्री गच्चीवर किंवा अंगणात बाज टाकून. दिवसभर घर जागच्या जागी राही आणि माणसे सावलीसारखी फिरत. आज आपण एकेकाला एकेक खोली नेमून दिली, दाराला कड्या घातल्या, आणि मग तक्रार करतो की माझीच खोली का तापते. तापणारच. तिची वेळ झाली की तिथून उठायचे असते, हेच आपण विसरलो.

आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे माळा. कौलारू घराला कौलांच्या खाली आणि राहत्या खोलीच्या वर माळा असे. तिथे गोवऱ्या, कडबा, कांदे, मोडका पाळणा आणि पुढच्या पिढीला लागतील म्हणून जपलेली तांब्या-पितळेची भांडी. कौले तापत, माळा तापे, कांद्यांना घाम येई; पण खाली माणसाला कळत नसे. मराठवाड्याचे माळवद नि वऱ्हाड-खानदेशातली धाबी यांच्यावर तर हातभर मातीच असे. मग सिमेंट आले, स्लॅब आला, आणि आपण कांद्यांना खाली आणून त्यांच्या जागी धाकट्या भावाला ठेवले.

साहेब आला तेव्हा त्याच्याही डोक्यात हा प्रश्न होता, पण त्याने तो गावोगाव वेगळा सोडवला. कलकत्त्यासारख्या दमट गावी तो माडीवर राही, कारण तिथे खरा वैरी ओल. वर निदान नदीवरचा वारा तरी लागे. तळमजल्यावर कोठीघर, कचेरी आणि नोकरमाणसे. कोरड्या उत्तरेकडे आणि आपल्याकडे मात्र बैठा बंगला, उंच छत, चोहोबाजूंनी रुंद व्हरांडा. मुंबईच्या माझ्या मेव्हण्याला हे मी कितीदा सांगितले. तो चौथ्या मजल्यावर समुद्राचा वारा खात बसतो आणि फोनवर म्हणतो, ‘वरच्या मजल्याला काय वाईट आहे?’ घाम आणि होरपळ हे दोन वेगळे आजार आहेत, हे मुंबईकराला पटत नाही.

साहेबाचा छताला टांगलेला लांबलचक पंखा आपण सिनेमात पाहतो. खोलीत साहेब, मेज, पेला. पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली. पलीकडे व्हरांड्यात एक माणूस ती दोरी ओढत बसलेला. हात दुखले की तो दोरी पायाच्या अंगठ्याला बांधी आणि पाय हलवत राही. आतला वारा त्याच्या वाट्याला नाहीच. त्याला बाहेरची झळ. रात्री डोळा लागला की आतून बूट येई, कधी लाथ. हिवतापाने त्या लोकांच्या प्लीहा सुजलेल्या असत. अशा माणसाला एक लाथही पुरत असे, आणि मग डॉक्टर दाखला देत की हा प्लीहेच्या दुखण्याने गेला, लाथेने नव्हे. १८७६ साली गाजलेल्या फुलर खटल्यात मेलेला माणूस पंखेवाला नव्हता, आग्र्याच्या एका गोऱ्या वकिलाचा सईस होता. गाडी आणायला उशीर झाला म्हणून तोंडात मारली, तो पडला आणि मेला. दंड झाला तीस रुपये. खुद्द व्हाइसरॉय लिटनला ते खटकले आणि त्याने तसे लिहून नाराजी कळवली. थंडावा एकाच्या खोलीत आणि ऊब दुसऱ्याच्या अंगावर, हा हिशेब विजेचा पंखा येईपर्यंत इतक्या उघडपणे मांडलेला होता. आता यंत्राचे तोंड माझ्या खोलीत आणि पाठ शेजाऱ्याच्या खिडकीकडे असते, एवढाच फरक.

बर्फाची कथा मात्र हसऱ्या तोंडाने सांगता येते. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात १८० टन तळ्यातला बर्फ भरला आणि भुसा घालून तो कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांनी जहाज लागले तेव्हा सुमारे शंभर टन शिल्लक होता. दोनदा विषुववृत्त ओलांडून शंभर टन! आमच्या घरात फ्रीजमधून काढलेला बर्फ सतरा पायऱ्या चढेपर्यंत निम्मा होतो. पुढच्याच वर्षी तो मुंबईला आला, आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले. दुसऱ्या दिवशी यजमानांना आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि गुजराती वर्तमानपत्राने ‘परदेशी पदार्थ खाल्ल्याचे हे फळ’ अशा अर्थाचा शेरा मारला, अशी कथा मुंबईच्या इतिहासात हौसेने सांगतात. मद्रासला या बर्फासाठी बांधलेले ‘आइस हाउस’ अजून समुद्रकिनारी उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले, त्यामुळे आता ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. ट्यूडरचे सारे गुपित भुशात आणि कोठाराच्या जाड भिंतींत होते. बर्फाला जपायचे तर उष्णता आतच येऊ द्यायची नाही, एवढेच. तो बर्फासाठी एवढे करत होता. आपण माणसासाठी चार इंचांचा स्लॅब टाकतो आणि वर त्याला काळा डांबर फासतो, गळू नये म्हणून.

यंत्राने हवा थंड करण्याचा मान विलिस कॅरियरला देतात. १९०२ साली त्याने पहिली योजना आखली ती माणसासाठी नव्हेच. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही. कागदाला बरे वाटावे म्हणून हवा कोरडी आणि थंड केली. माणसांचा नंबर पुढे, सिनेमागृहांत लागला. या क्षेत्रात पहिला हक्क कागदाचा, दुसरा बर्फाचा, तिसरा प्रेक्षकाचा. धाकट्या भावाचा नंबर अजून लागायचा आहे.

पण मजल्यामजल्यांतल्या भांडणाचा खरा इतिहास मला सापडला तो त्याच्याही आधीचा, आणि तोही थंडीच्या गावचा. वॉरन जॉन्सन नावाचा एक मास्तर विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शाळेत शिकवीत असे. शाळेची भट्टी तळघरात. कोणत्या वर्गात किती उकडते नि किती गारठते हे पाहायला शिपाई दर थोड्या वेळाने दार उघडून आत येई, तापमापक बघे, आणि खाली जाऊन झडपा फिरवी. धडा रंगात आला की दार वाजलेच. मास्तर वैतागला आणि त्याने असे यंत्र केले की वर्गातली उष्णता बदलली की खाली तळघरात घंटा वाजावी. १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याने प्रत्येक खोलीसाठी वेगळी, आपोआप हलणारी व्यवस्था केली आणि मास्तरकी सोडून कारखाना काढला. शिपायाच्या सारख्या आत येण्याला कंटाळलेले मास्तर आपल्याकडेही पुष्कळ. त्यांनी फक्त कंटाळा केला.

यातले मर्म इतकेच की, वरच्याला काय होते हे खाली कळले पाहिजे. माझा पुतण्या, दादाचा थोरला, टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. त्याचेही घर दुमजली. बापाने तळमजला सांभाळला म्हणून पोराच्या नशिबी वरची खोली चुकली नाही. निजायच्या खोल्या तिकडे वरच असतात. सगळ्या घराला मिळून एकच यंत्र, आणि त्याचे डोके, म्हणजे तापमान ओळखणारी ती डबी, खाली जिन्याजवळ भिंतीवर. खालची हवा गार झाली की डबी समाधान पावते आणि यंत्र बंद करते. वर पोरे घामाघूम. डबीच्या लेखी सर्वत्र आलबेल. आपल्याकडची बरीच खाती याच तत्त्वावर चालतात.

त्याने मला फोनवर चित्रासकट सगळे दाखवले. यंत्रावाल्या माणसाने आधी खालच्या मजल्याला जाणाऱ्या नळांतल्या झडपा थोड्या मिटल्या, म्हणजे गार हवा वर ढकलली जावी. पूर्ण मिटायच्या नाहीत, नाहीतर यंत्राचा दम कोंडतो. मग वरची गरम हवा यंत्राकडे परत यायला वाटच अपुरी आहे हे त्याच्या ध्यानात आले. खोलीची दारे मिटली की हवा आत कोंडून राही. वर परतीची जाळी मोठी केली. पंखा चालूच ठेवायला सांगितला, म्हणजे दोन्ही मजल्यांची हवा घुसळत राहील. आणि शेवटी छपराखालच्या पोटमाळ्यात, जिथे दुपारी साठ अंशांच्या घरात ताप असतो, कापसासारखे काहीतरी हातभर पसरले. “काका, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला,” तो म्हणाला. मी म्हटले, “बाबा, तुझ्या पणजीने तिथे कडबा आणि कांदे ठेवले होते.” तो हसला. त्याला मी विनोद केला असे वाटले.

आता हसण्यावारी न नेण्याची गोष्ट. १९९५ च्या जुलैत शिकागोला उष्णतेची लाट आली आणि ७३९ माणसे जादा गेली. डॉक्टरांनी मागाहून तपास केला तेव्हा, एकटी राहणारी, घराबाहेर न पडणारी, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारी माणसे अधिक दगावल्याचे दिसले. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सात सुमारे पंधरा हजार माणसे गेली, बहुतेक म्हातारी. पॅरिसच्या जुन्या इमारतींत जस्ताच्या पत्र्याखाली एके काळी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या आहेत; लिफ्ट नव्हती तेव्हा पैसेवाला खाली राही आणि गरीब जिने चढे. त्या खोल्या अजून भाड्याने जातात. तिथल्या तपासातही छपराखाली झोपणे हे एक कारण निघाले. आणि लांब कशाला, २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ साली त्या महापालिकेने उन्हाळ्याची योजना केली: आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना.

हे सगळे मी वाचायला घेतले ते आत्यामुळे. आत्या वडिलांची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी. तिची खोली माडीवर, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. देव्हारा तिथे, ट्रंक तिथे, खिडकीतून दिसणारा कडुनिंब तिथे. उन्हाळ्यात खाली झोप म्हणून वहिनी दर वर्षी सांगते आणि आत्या दर वर्षी म्हणते, “माझ्या भावानं ही खोली मला दिली. मी काऊन दुसऱ्याच्या घरात झोपू?” दुसऱ्याचे घर म्हणजे सतरा पायऱ्या खाली. वाटणीचे कागद वकिलाने केले, पण त्यांची अंमलबजावणी आत्याने केली.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी ती देवापुढे बसल्या बसल्या कलली. अंग तापलेले, घाम नाही, बोलणे असंबद्ध. ओल्या चादरीत गुंडाळून, दादाने आणि मी उचलून खाली आणले, डॉक्टर आले, सलाईन लागले. चार दिवस ती खाली दादाच्या खोलीत होती. पाचव्या दिवशी शुद्ध चांगली आली, तेव्हा पहिले वाक्य, “मला वर न्या. देव पारोसे आहेत.”

त्याआधी दोन महिने दादा आणि मी बोलत नव्हतो. कारण कूलर. त्याचा कूलर खालच्या खिडकीत. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, आणि ती कुठूनतरी बाहेर जावीच लागते. खालच्या खिडक्या उन्हासाठी बंद, म्हणून ती जिन्याने वर येई. माझ्या मते ती वापरून टाकलेली, दमट हवा होती. मी जिन्याचे दार लावून घेतले. त्यावर खाली गळ्यापर्यंत घाम येऊ लागला, कारण वाट मिळाली नाही की कूलर नुसते पाणी फवारतो. दादाने हा हल्ला मानला. मी त्याला संरक्षण म्हणत होतो.

आत्याला वर न्यायचे ठरले त्या संध्याकाळी दादा प्रथमच कित्येक महिन्यांनी गच्चीवर आला. बरोबर मिस्त्री, चुन्याच्या दोन गोण्या, डिंकाचा डबा आणि दोन लांब दांड्यांचे ब्रश. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. मिस्त्री म्हणाला, “साहेब, तुम्ही बसा.” दादा म्हणाला, “मी तळमजल्यावर बसूनच होतो.” रात्री नऊ वाजता, स्लॅब बऱ्यापैकी निवाल्यावर, आम्ही तिघांनी पहिला हात मारला. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरा. काळ्या डांबरावर पांढरे पट्टे ओढताना शाळेच्या मैदानाची आठवण झाली. तिथेही दादाच रेघा मारायचा आणि मी पुसायचो.

जिन्याच्या डोक्यावर, गच्चीच्या दाराशेजारी, एक बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. दिवसा जिन्याचे दार उघडे, वरची एक खिडकी बोटभर उघडी, म्हणजे दादाच्या कूलरला वाट आणि मला ओलावा. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की खिडक्या सताड उघडायच्या आणि पंखा लावून कोंडलेला ताप उपसून टाकायचा. आत्याच्या खोलीवर गच्चीत बांबू रोवून हिरवी जाळी टाकली. मी रोज रात्री दहाला दोन्ही मजल्यांवर तापमापक वाचतो: खाली ३६, वर ३७, फार तर साडेसदतीस. दादा माझा आकडा मानत नाही; तो स्वतः वर येऊन वाचतो, आणि मग अर्धा तास आत्याशी बोलत बसतो.

आत्याचे मत विचारले. ती म्हणाली, चुना ठीक आहे, पण आमच्या अमरावतीच्या घरी धाब्यावर झोपायला मिळायचे, चांदण्या दिसायच्या, तुम्ही जाळी लावून चांदण्या घालवल्या. तिच्यासाठी रात्री जाळी गुंडाळता येईल अशी दोरी मिस्त्रीने बसवून दिली आहे. ती दोरी मी ओढतो.

पावसाळ्यात चुना धुऊन जातो, त्यामुळे दर मार्चला तो पुन्हा लावावा लागणार. या वर्षीच्या खर्चाबद्दल थोडी वाटाघाट झाली. छप्पर माझ्या मजल्याचे म्हणून खर्च माझा, असे वहिनीचे म्हणणे. खालच्या मजल्याचेही तेच छप्पर, फक्त मध्ये आम्ही राहतो, असे माझे. शेवटी आत्याने निवाडा दिला: चुना खालच्यांचा, मजुरी वरच्यांची, आणि मिस्त्रीचा चहा दोन्ही घरचा, सकाळी एक, संध्याकाळी एक.